फांदी उगवतीले, भिंत मावळतीले

...अन् वरून गुरुजी मलेच म्हणतेत, "देवसिंग, तुझ्या फांदीने माझी भिंत फोडली!" आता ते फांदी माही कशी झाली, तुम्हीच सांगा बावा! झाड त्यायचं, खोड त्यायचं, निंबोण्या त्यायच्या, सावलीत खाट टाकून वीस सालापासून घोरून राह्यले तेई तेच... अन् फांदी खाली पडली रे पडली, का माही! वा रे न्याय! थांबा, हे थैली खाली ठेवू द्या, खांदा पार अवघडला. जफर, तुहीबी ठेव. चहा सांगा दोन. अन् त्याले म्हणा साखर सढळ हातानं टाक, जिंकलेला माणूस हाये मी, जिंकलेला!

तुम्हाले सांगतो, आपला धंदा एकदम सरळ. देवसिंग अन् जफर, झाडकटाई, मुक्काम नेर. ताराले टेकलेल्या, छपरावर झुकलेल्या फांद्या उतरवून देणं. मी तांड्यावरचा गडी, लहानपण झाडावरच गेलं, म्हून मी वर. जफर मेकॅनिक माणूस, कटर मशीन त्याचा जीव की प्राण, म्हून तो खाली, दोर धरून. फांदीले दोन दोर लागतेत आपले, एक शेंड्याले, एक बुडाले. चढाच्या आधी मी आमच्या तांड्याच्या देवाले, सेवाभायाले हात जोडतो, तिकडून जफर बिस्मिल्ला म्हणते, अन् मंग त्या फांदीची काय मजाल हाये का इकडे-तिकडे पडीन? आठ साल झाले ना जी! कोणाच्या छपराचं एक कवेलू फुटलं नाही, कोणाच्या तुळशीचं पान हाललं नाही!

तं रविवारी गेलतो रामराव गुरुजीकडं. हो, तेच, आपल्या शाळेतले, आता रिटायर हायेत. सातवीत मले विज्ञान शिकवलं त्यायनं. शिकवलं म्हणजे... ते आत शिकवत, मी बाहेर व्हरांड्यात उभा राहून ऐको. तं त्यायच्या अंगणातल्या निंबाची मोठी फांदी पत्र्यावर आलती. उगवतीकडं मोकळा प्लॉट पडला. बांधले दोन दोर, चालवलं मशीन, जफरनं ओढलं, अन् धप्प! प्लॉटाच्या मधोमध! दहा हातावर शेजाऱ्याची शेळी बसून रवंथ करून राह्यलती, ते उठलीसुद्धा नाही! पाह्यलं तं तिनं आमच्याकडं, अन् पुन्हा चघळाले लागली.

मी म्हणलं आता गुरुजी खुश होतीन, पाठीवर हात ठेवतीन. गुरुजी आले. चष्म्याच्या वरून पाह्यलं. म्हणाले, "देवसिंग, माझ्या मागे ये." गेलो मांगं मांगं. पुऱ्या घराले वळसा घालून, पार मावळतीकडं, न्हाणीच्या मांगं. तिथं आवाराची भिंत, खाली एक पत्रा टेकवलेला. छडीनं दाखवलं. "हे काय आहे?" म्हणलं, "भेग हाये गुरुजी." "कोणी पाडली?"

आता याले काय म्हणावं? फांदी पडली उगवतीले, भिंत तडकली मावळतीले! मधात पुरं घर उभं! घरात कपाट, कपाटावर काचेच्या बरण्या, एक बरणी हालली नाही, अन् भिंत कशी काय तडकली? मी आपलं हळूच म्हणलं, "गुरुजी, फांदी तं तिकडं पडली." तं गुरुजी काय म्हणतेत... "देवसिंग, न्यूटनचा तिसरा नियम सांग." घ्या! मी चाळीस सालाचा माणूस, घरी दोन लेकरं, अन् माह्या तोंडाले फेस! मंग त्यायनंच सांगतला. "क्रिया आणि प्रतिक्रिया समान आणि परस्परविरुद्ध असतात. फांदी पूर्वेला पडली ही क्रिया. भिंत पश्चिमेला फुटली ही प्रतिक्रिया. नवी भिंत बांधून दे." अन् मशीन उचललं, न्हाणीत ठेवलं, कडी लावली, कुलूप लावलं, किल्ली बंडीच्या खिशात! "भिंत होईपर्यंत हे इथेच राहील."

हासू नका! हासून राह्यले तुम्ही! मशीन म्हणजे आमची रोजीरोटी हाये. अन् शुक्रवारपासून मार्केट यार्डातल्या बारा झाडायचं काम होतं, तीन महिने चकरा मारून भेटलं होतं. नाही गेलो तं अमरावतीवाला क्रेन घेऊन तयारच बसला होता, अन् एकदा तो घुसला का मंग नेरात आपल्याले कोण विचारते? जफरची तं हालत पाहवत नव्हती. "देवसिंग यार, न्हाणीत ओल राह्यते, उसको जंग लगेगा रे, उसका चेन खराब होईन..." अरे, त्याची बायको नुजहत माहेरी गेली तवा दोन्ही वेळ पोटभर जेवला होता हा माणूस! मशीन गेलं तं पाणीबी घशाखाली उतरे नाही.

घरी आलो. घरवाली बसंती म्हणे, "कांई वेगो?" म्हणजे काय झालं. सांगतलं सारं. तं माह्यावरच उलटली, "मंग तुमच्या तोंडात का मूग भरले होते?" म्हणलं, "अव, गुरुजी हायेत ते!" आता बाईमाणसाले कसं समजवावं? मी साठ फुटावर एका पायावर उभा राह्यतो, माहे पाय कापत नाहीत. गुरुजीनं चष्म्याच्या वरून पाह्यलं का कापतेत! काय करता!

सोमवारी गेलो, हात जोडले. गुरुजीचं एकच, "क्रिया, प्रतिक्रिया." मंगळवारी गेलो. रातभर विचार करून एक मुद्दा काढला होता, पाठ करून गेलतो. म्हणलं, "गुरुजी, हादऱ्यानं भिंत तडकली असती तं दहा हातावरची शेळी काहून नाही उठली?" काय चूक हाये यात? सांगा! तं गुरुजी म्हणतेत, "शेळीचे वस्तुमान किती?" आता मले काय माहीत शेळीचं वस्तुमान! शेळी मले का आपलं वस्तुमान सांगून बसली होती? आलो परत. फांदी उगवतीले, भिंत मावळतीले, अन् मी अधांतरी!

बुधवारी गुरुजी म्हणाले, "उद्या सकाळी ये. पंचनामा करू, तू सही कर." आता हे गुरुजीच म्हणाले बरं, 'उद्या ये' म्हून. मी नाही म्हणलं. हे ध्यानात ठेवा.

गेलो दोघंबी. गुरुजीनं कागद तयारच ठेवला होता, मोत्यासारखं अक्षर! 'मी, देवसिंग, कबूल करतो की माझ्या हातून सदर भिंत...' वाचता वाचता माहे कान गरम झाले. भिंतीपाशी गेलो. वरची भेग दिसे, अन् खालच्या भागाले तो पत्रा तसाच टेकवलेला. म्हणलं, "गुरुजी, खालची भेग पाहू द्या ना." तं म्हणे, "वरची पाहा. खालची तशीच आहे." जफरनं मले कोपरानं ढोसलं. मी जफरले ढोसलं. दोघं ढोसून राह्यलो, बोलाची हिंमत कोणाची? गुरुजीनं पेन पुढं केला, "कर सही." टेकवला ना मी पेन कागदावर! 'दे' लिहिला, 'व' लिहिला...

अन् मांगून बांगड्या वाजल्या.

पुष्पाकाकू! गुरुजीच्या घरच्या. हातात पाण्याचा तांब्या, हळदीकुंकाची कोयरी, उदबत्ती. आल्या तरातरा, "सरका रे पोरायनो, देवाले पाणी घालाचं राह्यलं." गुरुजी एकदम उडालेच, "आज नको! आज राहू दे!" काकू थांबल्या. "आज नको? गुरुवार हाये ना जी आज!" अन् एका हातानं तो पत्रा असा बाजूले सारला...

उंबर! भेगेतून निंघालेलं उंबर, माह्या कमरेएवढं! हिरवंगार! पाच-पन्नास धागे गुंडाळलेले, खोडाले कुंकू, बुडाशी उदबत्तीच्या काड्यायचा ढीग! मी पाहू जफरकडं, जफर पाह्ये गुरुजीकडं, गुरुजी पाहून राह्यले आभायाकडं. अन् काकू आपल्या मजेत पाणी घालून राह्यल्या, 'गुरुदेव दत्त, गुरुदेव दत्त'.

मी विचारलं, आवाज लय मऊ करून बरं, "काकू, किती दिवसाचं हाये जी हे?" "दिवसाचं?" काकू म्हणे. "बाप्पा! आमच्या नातवाचं बारसं झालं ना, त्या साली दोन पानं निंघाले होते भेगेतून. म्या म्हणलं दत्तमहाराज स्वतः आले, हात लावाचा नाही! आता तो नातू पहिलीत गेला. यायले म्हणून म्हणून माही जीभ झिजली का भिंत नीट करा, उंबर चांगल्या जागी लावा. हे म्हणतेत पाहू. सहा साल झाले, पाहूनच राह्यले!"

खाली बसलो मी. मूळ हातानं चाचपलं. अंगठ्याहून जाड, विटेच्या आत घुसलेलं, अन् विटा अशा बाजूले रेटलेल्या. आता भाऊ, मले न्यूटन नाही समजत, पण मूळ समजते! हे का रविवारपासून गुरुवारलोक वाढलेलं मूळ हाये? उभा राह्यलो. पाय कापून राह्यलते, खोटं कायले बोलू. पण तोंड उघडलं. म्हणलं, "गुरुजी, एक शंका विचारू का?" शाळेत कधी विचारली नव्हती, पहिलीच शंका! म्हणलं, "क्रिया झाली या रविवारी. मंग प्रतिक्रिया सहा साल आधी काहून आली?"

गुरुजीनं चष्मा काढला, बंडीले पुसला, पुन्हा लावला. न्यूटनले बोलवाचं असन, पण तो काही आला नाही. जफरच्या तोंडून निंघालं, "सुभानअल्ला!" अन् मले... आता खरं सांगतो, माह्या डोयात पाणी आलं. पुऱ्या जिंदगीत गुरुजीसमोर माहं एक उत्तर बरोबर नव्हतं आलं. व्हरांड्यातून आत यायले मले अठ्ठावीस साल लागले!

काकूनं विचारलं, "कायची क्रिया? काय झालं?" जफरनं सांगून टाकलं सारं, भिंत, मशीन, पंचनामा. अन् मंग! काकूनं तांब्या खाली ठेवला. "काय जी? पोराचं मशीन कोंडलं तुम्ही? मले सांगतलं का त्यानं सांभाळाले देल्लं! चार दिवसापासून रोज किल्ली मांगून त्या पेट्रोलच्या वासात आंघोळ करून राह्यली मी! आणा ते किल्ली!" गुरुजीनं किल्ली देल्ली. देल्ली म्हणजे, मान दुसरीकडं करून देल्ली. जफर धावला, मशीन छातीशी धरून असा बाहेर आला, जसं दवाखान्यातून लेकरू सुटलं! अन् तो पंचनामा? काकूनं उदबत्ती पेटवाले घेतला.

शुक्रवारी यार्डात काय काम केलं राजेहो! बारा झाडं, दीड दिवस! अमरावतीवाला आपल्या क्रेनीपाशी तंबाखू मळत पाहत राह्यला. आज दुपारलोक सारं साफ. आता सांगा, जिंकलो का नाही? फांदी पडली उगवतीले, भिंत तडकली मावळतीले, अन् देवसिंग जिंकला मधोमध!

काय? थैली? कायची थैली? ...हे होय. आता एवढं झालं तं तेई सांगतो.

गुरुवारी निंघताना काकूनं हात धरला माहा. "देवसिंग, बापा, तुले झाडाचं समजते. हे उंबर जिवंत काढून दे, चांगल्या जागी लाव. देव हाये तो, मरू देऊ नको." आता माय जेव्हा बापा म्हणते, तवा नाही म्हणाले तोंड आणता कुठून? यार्डातून सरळ तिकडंच गेलो आज. मूळ पार आत गेलेलं. म्हणलं एक वीट काढू. काढली. मूळ अजून आत. दुसरी काढली. तिसरी काढली. फार सांभाळून बरं, दोन दोर बांधून, सेवाभाया अन् बिस्मिल्ला दोन्ही म्हणून... अन् उंबर असं अल्लद हातात आलं! एक पान तुटलं नाही! मी ते दोन्ही हातानं उचललं, वर धरलं, काकू हात जोडून उभ्या...

अन् मांगं धप्प! पुरी भिंत! या टोकापासून त्या टोकालोक, आडवी!

धूळ बसली. पाह्यतो तं गुरुजी समोर. चष्म्याच्या वरून पाहून राह्यलेले. हळूच विचारलं, "देवसिंग, भिंत कोणी पाडली?"

आता काय सांगू? उंबर माह्या हातात, विटा माह्या पायावर. म्हणलं, "...मीच गुरुजी."

तं म्हणतेत, "बरोबर. बस खाली."

एका हप्त्यात दोन उत्तरं बरोबर आले जी माहे! पहिल्याचं मशीन भेटलं, अन् दुसऱ्याचं हे सिमेंट वाहून राह्यलो. चाल जफर, दुसरी थैली तू घे.