लेकीच्या दारातली माती

माझं माहेर देगलूरकडचं, बाजारात तेलगू, घरात मराठी, आन पानी विहिरीचं, नदीचं भ्या मला ठाऊकच नव्हतं बगा. लग्न होऊन आले ती इकडं, शिरूर अनंतपाळच्या बाजूला, मांजरेच्या काठाला. सासरे म्हनायचे, आपलं नशीब चांगलं, नदी आपल्याला देती. देती, खोटं कामून बोलू. नदी इथं वळती, वळणाच्या आतल्या अंगाला आमचं वावर, तिथं पानी निवांत होतं आन पूर वसरला की काळा गाळ टाकून जातं. त्यात हरभरा नुसता फेकला तरी येतो.

पर नदी काय घरून आणती का? वळणाच्या भाईरच्या काठाला पानी धडका मारतं, तिथली माती कापतं आन खाली कुणाच्या तरी वळणाला नेऊन टाकतं. आमचा गाळ बी वरच्या अंगाच्या कुणाच्या तरी दारातलाच की. हे मला कधी कळलं, तर लेक समोरच्या काठाला दिल्यावर.

शिवकांता माझी एकुलती एक. मीच म्हनले, पल्याड द्या, दारात उभी राहिली तरी दिसंल. दिसती, हाव, रोज दिसती, आन रोज काळजात धस्स होतं. लग्नात तिच्या घराम्होरं बाभळीची रांग होती, त्याच्या म्होरं वावर, मग नदी. वावर गेलं. बाभळी मुळ्या वर करून गेल्या. आता अंगण, आन लगेच नदी.

गेल्या पावसाळ्यातलं सांगते, बगा. दुपारची येळ, पूर वसरून राहिला होता. पूर असला ना, की पानीच काठाला टेका देतं, वसरला की वली दरड आपल्याच वजनानं बसती, आन त्यात ती खालून पोखरलेली. वर उभं राहिलं की गवत दिसतं, जमीन साबूत दिसती. पोकळी दिसती ती आमच्या काठावरूनच. मला दिसून राहिली होती, बैल बसंल एवढी, आन वर मातीचा नुसता पापुद्रा.

तेवढ्यात शिवकांता आन तिची सासू ताट घेऊन आल्या, गंगेची ओटी भराया. बाई, आता पोट भरलं, माघारी जा, म्हनून भरतात आमच्यात. आन ती पान्यातच पडावी लागती, मातीवर पडली तर नदीनं घेतली न्हाई म्हनतात, म्हून बाया पार कडंला जातात. ह्या बी निघाल्या, नेमक्या त्या पापुद्र्याकडं.

मी वरडले, माघारी सर गं, माघारी सर. पान्याच्या आवाजात कुठं ऐकू जातंय. पदर हालवला, तर तिला वाटलं माय बोलवून राहिली, तिनं बी हसून हात केला आन अजून म्होरं आली. मग काय सुचलं कुणास ठाऊक, खाली बसले आन ऊर बडवाया लागले, मयताला बडवतात तसं. तिला वाटलं बाप गेला. ताट तिथंच टाकलं आन फोन आणाया घराकडं पळाली, सासू तिच्या मागं. दोघी दारात पोचल्या न्हाईत तवर ताटासकट काठ पान्यात गेला.

आमचे मालक मागं शेळ्या बांधून राहिले होते, ते म्हनले, जित्या मानसाला कामून रडतीस? मी नुसतं समोरच्या काठाकडं बोट केलं.

विहीणबाई म्हनतात, नदीनं ओटी घेतली, आता शांत होईल. मला न्हाई पटत. जावई म्हनतात, गावात जागा बगून राहिलो, उन्हाळ्यात हालू. उन्हाळा गेला. आभाळ आलं की मी काठाला जाऊन बसते, लई भ्या वाटतं. लेकीला सांगून ठिवलंय, मी ऊर बडवताना दिसले तर काय झालं म्हनून इचारू नको, लेकरं उचल आन पळ.

मालक हसतात, म्हनतात, मग मी खरंच गेल्यावर तू रडायचं कसं?

म्हनले, घरात बसून रडीन. काठावर न्हाई.