शेवटची पाच मिनिटं

अमारिलोतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात समोरच्या दोघी बहिणींचं बोलणं सुरू झालं आणि लोरेटाचं हातातल्या मासिकावरून लक्ष उडालं.

"व्हर्लीन, चाळीस वर्षांपूर्वीच्या मालिकेपायी कुणी हॉइटसारख्या नवऱ्याशी अबोला धरतं का?"

"ओलीटा, काल डीव्हीडी लावली. हिऱ्यांचा हार घातलेली ती सबीना जिन्यावरून पडते, उठते आणि नणंदेच्या थोबाडीत ठेवून देते. आमच्या रेकॉर्ड केलेल्या टेपवर ती नुसती पडली होती."

"मग?"

"मग काय, मेली समजले. बुधवारच्या प्रार्थनेला अख्ख्या चर्चला तिच्या घरच्यांसाठी हात जोडायला लावले. पुढचा एकही भाग बघितला नाही."

"तिचं नावही काढायचं नाही, अशी तूच तंबी दिली होतीस सगळ्यांना."

"शेवटची पाच मिनिटं या हॉइटनं पुसली. त्यावर मासेमारीचा कार्यक्रम घेतला."

"आहे ती टेप अजून?"

"आज सकाळीच पुन्हा बघितली. पाच मिनिटं तो माणूस गळ टाकून बसलाय, आणि एकही मासा लागत नाही."

लोरेटाच्या शेजारचे आजोबा वर्तमानपत्राआडून पुटपुटले, "पुढच्या भागात लागला होता."