तेरानं भाग जातो

—अहो दर्शनाताई, वही देतोय ना, कुठं पळून जातेय ती! बसा आधी. परवा दिवसकार्य झालं म्हणे समृद्धीचं — यायचं होतं मला तुमच्या दिवा गावी, पण क्लास एकट्यानं चालवायचा म्हणजे... असो. तुमचं विचारणं एवढंच ना, की तुमच्या पोरीचं बरोबर होतं का? सांगतो. पण नुसतं हो-नाही म्हणून काय कळणार तुम्हाला? हा आकडा बघा — एक, दोन, तीन असं करत नऊपर्यंत, आणि शेवटी परत एक. एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख आणि वर काहीबाही. आठवीतली मुलगी भर वर्गात उठून म्हणते, सर, ह्याला कशानंच भाग जात नाही, ही मूळ संख्या आहे! आता आम्ही तीस वर्षं डोंबिवलीत काय गवत उपटलं? मी फळ्यावर उजवीकडून तीन-तीन आकड्यांचे गट पाडले — एक गट मिळवायचा, पुढचा वजा करायचा, पुन्हा मिळवायचा — उरेल त्याला तेरानं भाग गेला की सगळ्याला जातो. आले पाचशे एकोणसाठ. तेरा गुणिले त्रेचाळीस. संपलं! पोरं हसली. मीही बोललो काहीतरी... की बाई गं, तुमच्या जमिनीवर टॉवर उभे राहतायत, त्यांचे मजले मोज, गणित हे आमच्यासारख्यांचं काम. गंमत हो. गंमतच होती ती.

तर मग ही वही. रोज दहा-बारा भागाकार — सातानं, अकरानं... तेराचा तीनदा केलाय बघा, खोडून खोडून पान फाटलंय. तिन्ही वेळा बाकी अकरा. तरी पुन्हा करतेय! स्वतःवर भरवसा नव्हता पोरीचा, माझ्यावर होता. हॉस्पिटलात उजव्या हाताला सलाईन, तर डाव्यानं लिहिलंय. एकेका संख्येनं भागत दोन हजार तीनपर्यंत आली होती. वर्गमूळ पस्तीस हजारांच्या घरात, तिथवर जायचं होतं.

तुम्ही हॉस्पिटलातून ही वही आणलीत तेव्हा मला वेळ नव्हता, खरंच नव्हता — म्हणजे, पाहिली मी. तुम्ही जिना उतरत होतात, तेव्हाच पाहिली. डावीकडं एकटा उरतो तो एक वजा करायचा असतो. मी मिळवला होता. कॉम्प्युटरलाही विचारलं — कशानंच भाग जात नाही. खिडकीतून हाक मारली असती तर ऐकू गेली असती तुम्हाला. पण पोरांसमोर काय तोंड दाखवायचं होतं मी? म्हटलं, साधी कावीळ आहे, येईल बरी होऊन, मग बघू. दुसऱ्यांदा आलात तेव्हाही तेच म्हणालो ना — तिला म्हणावं, आधी बरी हो?

काय? ... रोज विचारायची, सर काय म्हणाले? ... मग तुम्ही काय सांगत होतात तिला?

सर चुकायचे नाहीत, म्हणून?

...ही घ्या वही. अहो, असं बघत बसू नका माझ्याकडं. बरोबर होतं तिचं, सांगितलं ना! खाली बॅच खोळंबलीय माझी. जाताना दार लोटून घ्या.