डीपीवरची पाळी

परदेशात मी ऊर्जाधोरण शिकले. भारत, नेपाळ आणि बांगलादेश यांनी वीज वाटून कशी घ्यावी, यावर प्रबंध लिहिला. वाटलं होतं, पिशोरला मामाकडं गेले की लोकांना सहकार्य म्हणजे काय ते समजावीन. झालं भलतंच.

मामा बाजाराला गेला होता. दुपारी लाईट आली आणि आल्याचं पीक सुकलेलं दिसलं, म्हणून मी विहिरीवरची मोटार चालू केली. थोड्याच वेळात पाच शेतांची मिळून असलेली डीपी, म्हणजे बांधावरचा ट्रान्सफॉर्मर, धूर सोडून बंद पडली.

शेजारचे करीमचाचा धावत आले. "मोटार कुनी चालू केली?"

"मी. लाईट होती ना."

"लाईट होती, पन तुमची पाळी नव्हती, बेटा. एका टायमाला तीनच मोटारी."

"असं कुठं लिहिलंय?"

"लिवायचं कशाला? पाचही घरांना ठाऊक हाय. तू नुसतं विचारायचं तरी. काय शिकून आली म्हनं तू?"

"देशांनी वीज वाटून कशी घ्यावी, ते."

चाचा हसले नाहीत. आपल्या मिरचीकडं बघत म्हणाले, "डीपी लवकर नाय आली, तर ही जाती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला दिल्लीला निघायचं होतं. शेजारी देशांच्या बैठकीत परस्परविश्वासावर बोलायचं होतं. मी येत नाही असं कळवलं, आणि जळकी डीपी बदलून आणायला संभाजीनगरला निघालेल्या टेम्पोत चाचांच्या शेजारी जाऊन बसले.