वादळातले तीन दिवस कवडूकाका कुठं होता

अध्यक्ष नानाजी, मंचावरच्या सरपंच अनुसयाबाई, ज्यायचा सत्कार हाय ते माहे कवडूकाका, अन् समोर बसलेल्या साऱ्या मायबहिणी, भाऊ. मले रातभर झोप नाई. पोरगी सहा महिन्याची हाय, पण ते बिचारी झोपली होती. जागवलं माह्या भावानं, नीरजनं. ते पुढं येते.

माईकची मले भीती वाटते, म्हणून लिहून आणलं. आवाज अडकला तं जवळ असन त्यानं पुढं वाचावं.

काका अल्लीपूरचा. वेणा नदीपेक्षा मोठं पाणी पाह्यलं नव्हतं. जाम गावच्या चौकातून मिरचीच्या ट्रकवर बसून कोकणातल्या बंदरावर गेला, अन् मासे धरायच्या ट्रॉलरचा तांडेल, म्हंजे बोट चालवणारा म्होरक्या झाला. तिथं त्याले 'वऱ्हाडी भूत' म्हणत. दुसऱ्याच्या हद्दीत जाळं टाके. गस्तवाल्यायनं धरलं तं साहेबाले ठेचा-भाकर चारली, अन् साहेब डोळे पुसे तोवर हा पसार. अशा बदनाम माणसाले आपुन शाल देऊन राह्यलो. हासा, काकाबी हासून राह्यला.

पण नाव झालं कशानं? वादळानं. साऱ्या बोटी परत आल्या, काका तीन दिवस दर्यात एकटा. नीरजनं हे लहानपणी शंभरदा आयकलं. आता काकाच्या बोटीवर तोच तांडेल हाय. आज वादळाचा इशारा हाय, बंदरात साऱ्या बोटी बांधून हायेत. राती फोनवर हा म्हणे, उद्या दुपारी चार वाजता निंगतो. वरून मलेच विचारे, काका थांबला होता काय?

सकाळी पोहे देताना मी काकाले विचारलं, ते तीन दिवस कसे काढले? काकानं बशी खाली ठेवली.

मंग म्हणे, "कुठचा दर्या, बापा. साऱ्यात आधी मीच पळालो. खाडीत झाडाले बोट बांधली, वायरलेस बंद केला, अन् तीन दिवस भात खाल्ला."

हे लोकायसमोर सांगू काय, म्हटलं.

"सत्काराच्या दिवशी?" मंग सोताच म्हणे, "सांग. शाल वापस घेतली तं घेतली. पोरगं घरी आलं पाह्यजे."

काकानं सोता नीरजले फोन लावला. तो म्हणे, ताईनं तुमाले खोटं बोलाले शिकवलं, अन् फोन कापला. तवापासून आमचा दोघायचा फोन उचलत नाई.

काका, शाल राहू द्या. तुमी पळाले म्हणूनच आज इथं बसले हा.

गावानं माह्या काकाचा मान केला, लय उपकार. सातवी शिकली मी, बोलण्यात उणंदुणं झालं असन तं पोटात घाला. भाषण होईस्तोवर दोन वाजतीन. कागदाच्या मागं नीरजचा नंबर लिवला हाय. हा कागद ज्याच्या हाती असन त्यानं आपल्या फोनवरून लावा, अनोळखी नंबर तो उचलते. म्हणा, काका पळाला होता, अन् गावानं तरी शाल दिली.