पुढची चाकं ओढत नाहीत

नाही, थांबा, किल्ली फिरवू नका – इंजिन बंदच राहू द्या, आधी तुमच्याकडून ऐकतो, गाडीकडून नंतर. ओढ्याच्या चिखलात रुतली म्हणता. लिव्हर ओढला, समोर हिरवा दिवा लागला, म्हणजे चारही चाकांना जोर मिळायला हवा, आणि तरी मागचीच दोन गरगरत राहिली, पुढची ढिम्म. असंच ना? आणि गाडी घेऊन झाले किती दिवस – तीन आठवडे. बरं. आता मला एक सांगा साहेब, इकडे येताना रस्त्यावर चार गॅरेजं लागतात, मोठी, बसायला गार खोली असलेली. ती सोडून तुम्ही या पत्र्याच्या शेडमध्ये का आलात? कुणीतरी सांगितलं. कोण कुणीतरी? नाव नका सांगू हवं तर. मी विचारतो फार, सवय आहे ती. साहेब म्हणू नको म्हणता? बरं, दादा म्हणतो. त्या स्टुलावर बसा. नाही? उभेच राहणार? राहा.

शाळेत मी गेलो नाही, दादा, त्यामुळे पुस्तकात काय लिहिलंय ते मला माहीत नाही. पण गिऱ्हाईक खोटं बोलतं एवढं माहीत आहे. वाईट मनाने नाही, लाजेने बोलतं. काही जण काय करतात, नवीन खेळणं मिळालं म्हणून कोरड्या डांबरी रस्त्यावर लिव्हर ओढून फिरतात – चारही चाकांवर गाडी जास्त सुरक्षित, असं त्यांना वाटतं – आणि वळणावर गाडी अडखळते, आतल्या गिअरचा दातन् दात मोडतो, आणि मग माझ्याकडे येऊन सांगतात, बाबा, काल रात्रीपर्यंत चांगली होती. तुम्ही तसं केलंत? तोंडाकडे नका बघू माझ्या, टायरकडे बघतोय मी. टायर चारही एका मापाचे आहेत, झीजही सारखी. म्हणजे तुम्ही केलं नाही. बरं झालं. तुमच्यावरचा संशय एक बोट कमी झाला, एवढंच. अजून हातभर आहे.

दगड द्या तो, मागच्या चाकाला लावायचाय. आता पुढून जॅक. सावकाश, सावकाश – घाई कुणाला आहे, तुम्हाला? घड्याळ तिसऱ्यांदा बघितलंत. असो. बसा आत, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका, लिव्हर ओढा, आणि सांगा दिवा लागला का. किल्ली नुसती अर्धी फिरवा, इंजिन नको. लागला? हिरवा? छान लागला म्हणता. आता या, उतरा, बघा – माझ्या गॅरेजात एकच नियम आहे, चाळीस वर्षांत मोडला नाही: दिवा काय म्हणतो ते ऐकायचं नाही, चाक हाताने फिरवून बघायचं. त्याशिवाय तोंडातून शब्द काढायचा नाही. चाळीस वर्षं. तर हा पुढचा शाफ्ट, हा लांब दांडा, छोट्या गिअरबॉक्समधून पुढच्या चाकांकडे जातो तो. लिव्हर खरंच लागला असेल तर हा इंजिनाशी बांधला गेला पाहिजे, दोन माणसं लागली तरी हलता कामा नये. लावा हात. फिरतोय ना? एका बोटाने फिरतोय. म्हणजे आत जोडच नाही. जोर पुढे नेणारी आतली साखळी तुटलीय, नाहीतर कुणी काढून घेतलीय. गाडी दोन चाकांची आहे दादा, चारची कधीच नव्हती. तुमच्याकडे आल्यापासून तरी नव्हती.

मग दिवा कसा लागतो? हा खरा प्रश्न. दिव्याला कुणीतरी सांगतं. इथे, या गिअरबॉक्सच्या अंगावर एक स्विच असतो, आतली साखळी पकडली की तो दिव्याला सांगतो. बॅटरी धरा तुमच्या फोनची, वर, अजून वर. बघा. स्विच आहे, पण त्याचं तोंड रिकामं. त्याची वायर कुठे गेली? वर गेली. गाडीच्या तळाच्या फळीच्या भोकातून वर, लिव्हरच्या बुडाशी. आणि तिथे – थांबा, मॅट उचलतो – तिथे हे बटण. दरवाजा उघडला की आतला दिवा लागतो ना, त्या दरवाजातलं बटण. लिव्हर ओढला की बटण सुटतं, दिवा लागतो. गिअरबॉक्सचा काही संबंधच नाही. हुशार माणसाचं काम आहे. वायर टेपने नाही बांधलेली, मेणाच्या दोऱ्याने बांधलीय, बोटाबोटावर एक गाठ, म्हणजे उन्हाने...

काही नाही. गुडघा दुखतो खाली वाकलं की.

काय म्हणालात? कुणाचं काम असेल? कुणाचंही असेल. या धंद्यात हात हजार आहेत. ते रीळ? ते भिंतीवरचं होय – ते चपला शिवायच्या दोऱ्याचं आहे. टेप उन्हाने सुटतो, चिकट होतो, म्हणून मी... म्हणून पुष्कळ जण वापरतात. तुम्ही फार बारीक बघता हो दादा. आल्यापासून बघताय, भिंतीकडे, रिळाकडे, आता माझ्या हाताकडे. हो, डावखुरा आहे मी. त्यात काय? गाठ उलटी पडलीय हे तुम्हाला कुणी शिकवलं बघायला? तुम्ही विम्याचे आहात का? की ही गाडी घेतलीत त्या मैदानावरूनच पाठवलं तुम्हाला, म्हातारा तोंड उघडतो का बघायला? तिथल्या रखवालदाराने पत्ता दिला, हो ना. मला वाटलंच होतं. त्याने त्या दिवशी बघितलं मला.

गाडी पांढरी होती तेव्हा. मागे ताडपत्रीचा सांगाडा नव्हता. नाहीतर फाटकातच ओळखली असती.

सांगू का? जुन्या गाड्यांचं ते मैदान माझ्या थोरल्याचं आहे. तो दोन वर्षं माझ्याशी बोलत नव्हता. कशावरून, ते जाऊ द्या. त्याची आई गेली त्यावरून, मी वेळेवर गाडी काढली नाही असं त्याचं म्हणणं. आणि मग एक दिवस दुपारी त्याचा माणूस मला न्यायला आला, आणि मैदानावर गेलो तर थोरल्याने मला बाबा म्हणून हाक मारली. बाबा, आतलं सगळं ठीक आहे, नुसता दिवा लागत नाही, गिऱ्हाईक उगाच घाबरतं, तेवढा लावून द्या. नात होती त्याच्याबरोबर. दोन वर्षांत एवढी झाली होती. मी फळी उघडून बसलो तर ती शेजारी येऊन बसली आणि दोरा धरून राहिली, मी गाठ मारीन तसा सोडायची. मला चाक उचलून बघायचं सुचलं नाही, असं म्हणू का? सुचलं, दादा. जॅक तिथेच होता. उचललं असतं तर कळलं असतं, कळलं असतं तर बोलावं लागलं असतं, आणि बोललो असतो तर ती उठून गेली असती. म्हणून नाही उचललं. चाळीस वर्षांत तेवढं एकदा.

तुम्हाला ही गाडी कशाला हवी होती, ते मी विचारलंच नाही. वरच्या वस्तीवर राहता. हं. बायको. सातवा महिना. आणि पाऊस लागला की तो उतार निसरडा होतो, दुसरी गाडी चढत नाही, म्हणून ही घेतली. पुढच्या महिन्यात तिला खाली आणायचं होतं. याच गाडीतून. हिरवा दिवा लावून.

मग तुम्ही मघापासून इतकं हळू का बोलताय माझ्याशी? मी असतो तर पाना उचलला असता.

ऐका आता. किल्ली इथे ठेवा. गाडी फाटकाबाहेर जाणार नाही, तुम्ही मागितली तरी देणार नाही. साखळी मी बसवतो, आणि बसवल्यावर चाकं तुमच्या हाताने फिरवून बघा, माझ्या हातावर भरवसा ठेवू नका. बायकोला मात्र आठवडाभरात खाली आणा, दुसऱ्या कुणाच्या गाडीतून, उतार कोरडा आहे तोवर; खाली कुणाकडे तरी राहू द्या, बाळंतपण होईपर्यंत. आणि मैदानावर जा. त्याला सांगा, गाडीतली लबाडी तुझ्या बापाने उघडी पाडली, आणि दिवाही तुझ्या बापानेच लावला होता. दोन्ही सांगा, एकच सांगितलंत तर तो दुसऱ्याआड लपेल. ते लपणं त्याने माझ्याकडूनच घेतलंय.

नाही, फोन मी करणार नाही. केला तर अर्धंच बोलेन. फोन आधी ती उचलते हो, पोरगी. आजोबा जेवलात का, म्हणून विचारते.

जा दादा. बस आहे तुमची आता. फाटक ओढून घ्या जाताना.