पडवीतला डोळा

(लालबागमधल्या चाळीतली खोली, रविवारची दुपार. शांताबाई सुकट निवडते आहे. तिचा मुलगा धनेश मोबाइलात डोकं घालून गावच्या घराच्या पडवीतला कॅमेरा बघत बसला आहे.)

धनेश : परत साडी वाळत घातली बघ, बरोब्बर कॅमेऱ्यासमोर. मुद्दाम करते ही.

शांताबाई : मग काय, गावच्या सगळ्या दोऱ्या तुला विचारून बांधायच्या?

धनेश : पडवीतलं काहीच दिसत नाही गं. थांब, बोलतो. प्राची! ए प्राची! साडी काढ तिथून.

प्राची (मोबाइलातून) : ओली आहे, अहो.

धनेश : आणि सकाळी अंगणाबाहेर गेलेलीस. मला अलर्ट आला. कुठे?

प्राची : विहिरीवर.

धनेश : एवढा वेळ? फोटो का नाही पाठवलास?

प्राची : रिचार्ज संपलाय. तुम्हीच मारत नाही.

धनेश : नीट वागलीस की मारतो. आणि उद्याची ती अंगणवाडीची मुलाखत विसर. उंबरा ओलांडलास की माझा मोबाइल वाजतो, लक्षात ठेव!

शांताबाई : बंद केलंस? बरं झालं. माझी सुकट घाबरली.

धनेश : सेफ्टीसाठी आहे आई. बाईमाणूस गावात एकटी.

शांताबाई : मीसुद्धा होते एकटी. तुझा बाप इथे गिरणीत, मी तिथे. वर्षातून एकदा गणपतीला तोंड दिसायचं त्याचं. पळाले का मी कुणाबरोबर?

धनेश : तेव्हाची गोष्ट वेगळी.

शांताबाई : वेगळीच. तेव्हा चोर घरात शिरायला दार लागायचं. मला सांग, कॅमेऱ्याचं सिम चालू, बायकोचं बंद, हे कसं?

धनेश : तो लागतो ना सतत.

शांताबाई : हां. ती नाही लागत. करी रोडच्या टॉवरात वॉचमनचा पगार घेऊन कॅमेऱ्यात लोकांची लिफ्ट बघत बसतोस, आणि सुट्टीच्या दिवशी फुकटात बायको. कामसू हो माझा झील!

धनेश : टोमणे नको मारूस. सुपरवायझरची जागा निघालीय, मी आधीच टेन्शनमध्ये आहे.

शांताबाई : अरे, मग आधी बोलायचंस! देवाला गाऱ्हाणं घालायला हवं. तुझ्या त्या डोळ्यातून माझा आवाज जाईल का रे घरी? पडवीला लागूनच तर देवघर.

धनेश : जाईल की. हे बटण दाबून धरतो. बोल.

शांताबाई : पुरुषमाणसानं घालायचं असतं खरं. पण आमच्या पुरुषाचं बोट अडकलंय. बा देवा म्हाराजा!

आवाज (मोबाइलातून, पुष्कळ बायकांचे) : व्हय म्हाराजा!

धनेश : हे... हे कोण?

शांताबाई : गप. गाऱ्हाण्यात मधे बोलू नये. बटण सोडू नकोस, सुपरवायझर व्हायचंय ना? बा देवा म्हाराजा, माझ्या झिलान ह्या घराक एक डोळो लावलो हा...

आवाज : व्हय म्हाराजा!

शांताबाई : तेका आपल्या बायलेचो फोटो होयो, रिचार्ज नको...

आवाज : व्हय म्हाराजा!

शांताबाई : उद्या माझी सून अंगणवाडीच्या मुलाखतीक जातली. तिच्या वाटेत जो कोण आडवो येयत, मगे तो माझ्या पोटचो का असेना, तेका बाजूक कर रे म्हाराजा!

आवाज : व्हय म्हाराजा!

धनेश : आई! आख्खी वाडी बसलीय त्या साडीमागे!

शांताबाई : रोजच बसतात. तू ओरडायला लागलास की शेजारची चंपा बाकीच्या बायकांना हाक मारते. सिरीयल बघायची सोडली म्हणे बायकांनी, तुझं जास्त रंगतं.

धनेश : तुला कोणी सांगितलं?

शांताबाई : चंपानंच. काल तिच्या फोनवर तुझा आवाज ऐकला मी. रिकाम्या कळशीवरून बायकोची आई काढत होतास. माझ्या घरात, माझ्या पडवीत. मला वाटलं दुसरंच कोणतरी आहे. प्राची, अगं प्राची, ऐकतेस ना?

प्राची : हो, आई.

शांताबाई : घर माझ्या नावावर आहे. स्टूल घे आणि काढ तो डोळा.

धनेश : प्राची, हात लावलास तर बघ!

प्राची : बघा.

धनेश : ए... काळं झालं. आई, काळं झालं सगळं.

शांताबाई : प्राचीच्या फोनचा रिचार्ज मारून दिलाय चंपानं, तुला सांगितलं नाही इतकंच. लाव फोन, चार माणसं लावतात तसा. उद्या ती किती वाजता निघतेय, ते विचार. जाऊ नको म्हणायचं नाही.

धनेश : ...वाजतोय. उचलत नाही.

शांताबाई : साडी काढत असेल. वाळली असेल आता.

धनेश : अजून नाही उचलत गं.

शांताबाई : वाजू दे. तिला वाटलं तर उचलेल.